मदत हवी आहे: 'पिक्युलियर' म्हणजे विचित्र की 'फक्त इथलंच'?

नमस्कार मंडळी, इंग्रजी चांगलं असणाऱ्यांनी जरा सांगा. रंगपंचमीला बाहेरगावचे लोक रहाड बघायला येतात, त्यांच्यासाठी आम्ही गल्लीतले काही जण छोटं इंग्रजी पत्रक करतोय. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो, रहाडी म्हणजे जुन्या नाशकातले पेशवेकाळापासूनचे दगडी हौद, तिवंधा, जुनी तांबट लेन, दिल्ली दरवाजा अशा भागात आहेत, वर्षभर रस्त्याखाली बंद असतात, रंगपंचमीला उघडून पूजा करून रंगाने भरतात आणि मग लोक त्यात धप्पा मारतात, म्हणजे उडी घेतात.

तर मी लिहिलं, 'धिस कस्टम इज पिक्युलियर टु नाशिक'. भाचीने वाचलं आणि म्हणाली, मामा, आपणच आपल्या रहाडीला विचित्र म्हणतोय की!

डिक्शनरीत दोन्ही अर्थ दिलेत. माझ्या समजुतीप्रमाणे पुढे 'टु' आलं की 'फक्त तिथलंच', आणि 'टु' नसेल तर बहुतेक वेळा विचित्र, म्हणजे 'अ पिक्युलियर स्मेल' म्हटलं तर वास काहीतरी वेगळाच येतोय, आणि ब्रिटिश माणूस 'आय फील अ बिट पिक्युलियर' म्हणाला तर त्याला बरं वाटत नाहीये. मूळ लॅटिन आहे, 'पेकू' म्हणजे गुरंढोरं, त्यावरून 'पेक्युलियम' म्हणजे स्वतःची मालमत्ता (आपल्याकडे पशुधन म्हणतात तसंच), मग स्वतःचं, मग इतरांपेक्षा वेगळं, आणि विचित्र हा अर्थ खूप नंतर आला. तसं बघितलं तर आपला 'विचित्र' पण संस्कृतात रंगीबेरंगी, नाना रंगांचा असाच होता, त्यात वाईट काही नव्हतं.

मला हाच शब्द ठेवायचाय कारण त्यात मालकी आहे, रहाड आमची आहे हे त्यातून कळतं. 'युनिक' प्रत्येक हॉटेलच्या बोर्डावर असतो. 'ऑड', 'स्ट्रेंज' आणि 'वीअर्ड' तर नकोतच, वीअर्ड म्हटलं की नाक मुरडल्यासारखं वाटतं.

पण पत्रक वाचणाऱ्याला 'पिक्युलियर टु' मधे सुद्धा थोडा विचित्रपणा ऐकू येतो का? परदेशात राहिलेल्यांनी किंवा इंग्रजी शिकवणाऱ्यांनी प्लीज सांगा, छापायला लवकरच द्यायचंय. आणि रहाडीला 'पिट' लिहू, 'टँक' लिहू की रहाडच ठेवू? पिट म्हणजे नुसता खड्डा वाटतो आणि रहाड खड्डा नाहीये, तिची पूजा होते.