मदत हवी आहे : रेडिओ सिलोन ऐकणाऱ्या नाशिककरांच्या वह्या

माझ्या दिवंगत वडिलांनी पंचवटीतील वाड्यात दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोन या (आजच्या श्रीलंकेतील) केंद्रावरचा बिनाका गीतमाला हा चित्रपटगीतांच्या क्रमवारीचा कार्यक्रम ऐकून गाण्यांचे क्रम वहीत टिपले होते. त्यातील १९६७ ची बरीच पाने वाळवीने खाल्ली आहेत. १९५२ मध्ये आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरवली, तेव्हा दुसऱ्या महायुद्धातील मित्रफौजांकडून वारशाने मिळालेल्या शक्तिशाली लघुलहरी (शॉर्टवेव्ह) प्रक्षेपकाच्या बळावर सिलोन केंद्र आपल्या घराघरांत पोचले. पुढे १९५७ मध्ये आकाशवाणीचीच चित्रपटगीते ऐकवणारी विविध भारती आली. पण माझ्या मते खरा घाव बसला तो १९६७ मध्ये, विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्यावर, कारण सिलोनचा डोलारा प्रायोजकांवरच उभा होता. म्हणूनच ती पाने मला मोलाची वाटतात. कोणाकडे त्या वर्षाची अशी वही असल्यास कृपया कळवावे. मी घरी येऊन उतरवून घेईन.