बदकाच्या तळपायाला गाठ आली आहे, मदत हवी आहे

आमचं बदक लंगडतंय. डाव्या तळव्याच्या मधोमध काळी खपली, भोवती सूज, आणि हात लावला तर पाय गरम लागतो. बम्बलफूटच वाटतंय, बारीक जखमेतून स्टॅफिलोकोकस जिवाणू आत शिरले की होतो तो तळव्याचा संसर्ग. सध्या कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय बुडवून ठेवते, नीट टिपून पोव्हिडोन आयोडीन लावते, वर गॉझ आणि पट्टी. पण ते पाण्यात उतरलं की सगळं सुटतं, आणि पाण्यापासून लांब ठेवलं की बिचारं ओरडत राहतं. पट्टी टिकावी म्हणून तुम्ही काय करता? खपली घरी कोरणार नाही, आतला घट्ट पू खोलवर असतो. पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेणारच आहे, तोवर खाली अंथरायला सुकं गवत बरं की रबरी मॅट? अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा.