रोजच्याच गाडीने ट्रॅक डे करायचाय, बजेट कमी आहे, आधी काय बदलू?

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. माझ्याकडे १० वर्षं जुनी १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक आहे, फ्रंट व्हील ड्राइव्ह, मॅन्युअल, पुढे डिस्क मागे ड्रम, एबीएस आहे. ८० हजार किलोमीटर झालेत, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी केलंय. हीच गाडी रोज ऑफिसला नेतो, घरच्यांना घेऊन फिरतो, त्यामुळे ट्रॅकसाठी म्हणून वेगळी गाडी वगैरे शक्य नाही.

दीड महिन्यानी एक ट्रॅक डे (आपलीच गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस) आहे, नाव नोंदवून टाकलंय, २० मिनिटांची चार सेशन्स मिळणारेत. हातात पैसे थोडेच उरलेत आणि प्रत्येक जण वेगळंच सांगतोय. गॅरेजवाला म्हणतो आधी एक्झॉस्ट आणि एअर फिल्टर बदल, मित्र म्हणतो लोअरिंग स्प्रिंग्ज (गाडी जमिनीजवळ आणणाऱ्या छोट्या स्प्रिंग्ज) टाक, आणि एक जण १७ इंची अलॉय स्वस्तात देतोय (माझी आत्ता १४ इंची आहेत). मला लॅप टायमिंग काही नकोय, गाडी दिवसभर टिकली पाहिजे, त्याच गाडीने घरी परत आलं पाहिजे आणि सोमवारी ऑफिसला जाता आलं पाहिजे. सुरुवात कुठून करू?

ब्रेकपॉइंट

एक्झॉस्ट, फिल्टर, स्प्रिंग्ज, अलॉय या चारही गोष्टी तूर्तास विसर. पहिला खर्च ब्रेक फ्लुइडवर कर, दुसरा पुढच्या ब्रेक पॅडवर, आणि यातून काही उरलं तर पुढचं बघू.

कारण सांगतो. रस्त्यावर आपण १०० वरून पूर्ण जोरात ब्रेक दिवसातून एकदाही मारत नाही, ट्रॅकवर तेच प्रत्येक लॅपला चार-पाच वेळा होतं आणि मधे ब्रेक गार व्हायला जेमतेम काही सेकंद मिळतात. तुझी गाडी तुझ्यासकट ११०० किलो धर. १३० वरून ६० वर आणताना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते ना, तेवढ्यात साधारण पावणेदोन लिटर साधं पाणी उकळीपर्यंत तापेल. एका ब्रेकिंगला एवढं! आणि ते सगळं मुख्यतः पुढच्या दोन डिस्कमधे जातं, तिथून पॅडमधे, पॅडमधून कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनला आणि पिस्टनमागे असतं फ्लुइड.

आता फ्लुइडचं असं की ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक फ्लुइडची प्रत) चा उत्कलनबिंदू नवं असताना कमीत कमी २३० अंश असावा लागतो, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की तीच हमी १५५ वर येते. डॉट ३ असेल तर २०५ आणि १४०. तुझं शेवटचं कधी बदललंय आठवतंय का? बहुतेकांना आठवत नाही. जुनं फ्लुइड उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पॅडल सरळ खाली बसतं. माझ्या दुसऱ्याच ट्रॅक डेला हे झालंय, सर्वात लांब स्ट्रेटच्या शेवटी, दोनदा-तीनदा भराभर पॅडल मारल्यावर कसाबसा ब्रेक लागला आणि मी मातीत जाऊन थांबलो. गाडीला ओरखडाही नाही, पण पुढचे दोन महिने मी उतारावर ब्रेक मारताना सुद्धा आधी पॅडल चाचपून बघायचो. तेव्हापासून प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी ताजं डॉट ४, चारही चाकांतून जुनं पूर्ण काढून. साधारण लिटरभर लागतं. डॉट ५.१ पण चालेल (२६०/१८०), मात्र डॉट ५ अजिबात नको, ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही आणि एबीएसला चालत नाही. नावं सारखी असल्यामुळे दुकानात घोळ होतो, बाटली स्वतः वाच.

पॅड: फुल रेसिंगचे घेऊ नकोस, ते गार असताना पकडत नाहीत आणि सोमवारी सकाळी पहिल्या सिग्नलला तुला गार ब्रेकच मिळणारेत. रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला चालणारे म्हणून विकतात ते घे, आणि बसवल्यावर बेडिंग कर (नवे पॅड डिस्कशी नीट जुळवून घे), म्हणजे १०० वरून ३० पर्यंत आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, मग ब्रेक न लावता गार होईपर्यंत चालव. मोकळी सुरक्षित जागा नसेल तर ट्रॅकवरच पहिल्या सेशनला कर.

आणि फरक ओळखायला शिक. पॅडल मऊ होऊन खाली गेलं तर फ्लुइड उकळलंय. पॅडल टणक आहे पण गाडी थांबत नाहीये तर पॅड तापलेत. दोन्हीत लगेच वेग कमी करून पिटमधे (ट्रॅकबाहेर गाड्या थांबतात तिथे) यायचं, अजून एक लॅप बघू असं करायचं नाही.

टो_आउट

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी सहा वर्षं अशाच एका छोट्या हॅचबॅकने ट्रॅक डे करतेय, त्यामुळे टायरचं मी सांगते.

१७ इंची नकोच. जड चाक फिरवायला आणि थांबवायला तेच छोटं इंजिन आणि त्याच छोट्या डिस्क, शिवाय टायर महाग, आणि ट्रॅकवर टायर ही संपणारी वस्तू आहे. १४ वरच राहा. आहेत त्या टायरच्या साइडवॉलवर (बाजूच्या भिंतीवर) इंग्रजीत DOT लिहिलेल्या ओळीच्या शेवटी (फ्लुइडच्या डॉटशी याचा संबंध नाही) चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असू दे, रबर जुनं होऊन कडक झालं असेल तर ग्रिप गेलेली असते. बारीक भेगा दिसल्या तर त्या टायरवर ट्रॅकला जायचंच नाही.

हवा: सकाळी गार असताना कंपनीने दिलेल्या आकड्यावर ठेव. सेशन संपून पिटमधे आल्या आल्या, गाडी गार व्हायच्या आत मोज, ६ ते ८ पीएसआय सहज वाढलेली असते, पुढच्या टायरना कधी जास्तच. मग थोडी कमी करायची. किती करायची ते खडूने कळतं. टायरच्या कडेवरून साइडवॉलपर्यंत खडूची रेघ मार, बऱ्याच टायरना कडेला छोटा त्रिकोण असतो, रेघ त्या त्रिकोणापर्यंत पुसली गेली तर बरोबर, त्रिकोणाच्याही खाली गेली तर टायर साइडवॉलवर लोळतोय, हवा कमी आहे. नीट चालणारा एक गेज विकत घे, पंपावरच्या मीटरवर जाऊ नकोस.

पैसे उरले तर व्हील अलाइनमेंट. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत वळण, ओढणं आणि बहुतेक ब्रेकिंग सगळं पुढचेच दोन टायर करतात. गाडी कलली की स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला खांब) सस्पेन्शनमधे बाहेरचं चाक उभं राहायच्या ऐवजी बाहेरच्या कडेवर झुकतं, आणि टायरची बाहेरची कड एका दिवसात खाऊन टाकते. कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलणारे कॅम्बर बोल्ट बसतात का बघ तुझ्या स्ट्रटला, स्वस्त असतात, त्याने पुढे उणे दीड अंश, म्हणजे चाकाची वरची बाजू आत, मिळाला तरी खूप फरक पडतो, टो (वरून बघताना चाकं आत की बाहेर वळलीत ते) शून्य. रोजच्या वापरात टायर आतून झिजतील म्हणून लोक घाबरवतील, पण दीड अंश कॅम्बरपेक्षा चुकलेला टो टायर जास्त लवकर खातो.

गरम_तेल

थोडक्यात लिहितो. इंजिन ऑइल ताजं आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत, कारण लांब वळणात तेल एका बाजूला जातं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येऊ शकते. प्रत्येक सेशननंतर डिपस्टिक बघ. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ देऊ नकोस, तेच कारण. कूलंटचे होज आणि क्लॅम्प हात लावून तपास. बॅटरी हलते का बघ. स्टेपनी, जॅक, फ्लोअर मॅट, डिकीतलं सामान सगळं बाहेर, ड्रायव्हरचं मॅट सुद्धा, ते पॅडलखाली सरकतं.

चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळ, मॅन्युअलमधला आकडा बघून, आणि पहिल्या सेशननंतर चाकं गार झाल्यावर परत तपास.

अ‍ॅपेक्स_हंटर

सगळे ब्रेक ब्रेक करताय पण स्टॉक सस्पेन्शनवर गाडी बोटीसारखी डोलते राव, मी पहिल्याच वर्षी कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग-शॉक) टाकले आणि गाडी एकदम बदलली. किस्तीवर का होईना पण ते घ्यावेत असं मला वाटतं.

ब्रेकपॉइंट

@अ‍ॅपेक्स_हंटर बदलली असणार, नाही म्हणत नाही. पण त्याला दीड महिन्यात पहिला ट्रॅक डे करायचाय आणि हीच गाडी घरच्यांना घेऊन खड्ड्यातून जाणारे. डोलणारी गाडी तुला ग्रिप कधी संपतेय ते आधी सांगते, नवख्याला ते चांगलंच असतं. शॉक गळत नाहीत आणि बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबर) फाटलेले नाहीत एवढं बघून घेतलं की पहिल्या वर्षाला पुरतं. त्या पैशात अजून दोन-तीन ट्रॅक डे होतात, आणि त्यात शेजारी इन्स्ट्रक्टर बसवला तर कुठल्याही पार्टपेक्षा जास्त सेकंद तिथे मिळतात.

तिसरा_गिअर

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्लुइड शेवटचं कधी बदललं याची सर्व्हिस बुकात नोंदच सापडली नाही! एक शंका, चार पॉइंटचा हार्नेस (दोन्ही खांद्यांवरून येणारा रेसिंग बेल्ट) मिळतोय, तो स्टॉक सीटला लावू का? आणि हेल्मेट मोटरसायकलचं आहे, चालेल?

टो_आउट

हार्नेस नको. स्टॉक सीट त्यासाठी बनलेली नसते, खालून पायामधला पट्टा नसेल तर धडकेत कमरेचा पट्टा पोटावर सरकतो, आणि गाडी उलटली तर हार्नेस तुला सरळ बांधून ठेवतो पण छत खाली येतं. स्टॉक बेल्ट आणि एअरबॅग एकमेकांसाठी बनवलेत, तेच ठेव. सीट एक खाच मागे सरकव, बेल्ट लाव, झटका देऊन लॉक कर, मग सीट पुढे घे, घट्ट बसतोस.

हेल्मेटचं आयोजकांना विचार, काही ठिकाणी मोटरसायकलचं चालतं. स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं एसए रेटिंग गाडीसाठी असतं, त्यात आगीपासून संरक्षणाची चाचणी असते, मोटरसायकलच्या एम रेटिंगमधे ती नसते. पुढेमागे घेशील तेव्हा एसए घे. आणि इन्शुरन्सची पॉलिसी वाच, बऱ्याच पॉलिसीत ट्रॅकवरचं नुकसान धरत नाहीत.

तिसरा_गिअर

काल झाला ट्रॅक डे! आत्ता ऑफिसातून लिहितोय, म्हणजे गाडी सोमवारी ऑफिसला पोचली :)

फ्लुइड, पॅड, कॅम्बर बोल्ट, अलाइनमेंट, बाकी काही केलं नाही. जुनं फ्लुइड निघालं ते काळ्या चहासारखं होतं, बघून पोटात गोळा आला. चारही सेशनला पॅडल सकाळी होतं तसंच राहिलं, तिसऱ्या सेशनमधे थोडा जळका वास आला तेव्हा एक लॅप हळू मारून आत आलो, हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमधे लावून ठेवली. दोन सेशन इन्स्ट्रक्टर शेजारी होते, पूर्ण वेळ एकच वाक्य, "लांब बघ, अजून लांब बघ", आणि मी खरंच लांब बघायला लागल्यावर स्टिअरिंग आपोआप कमी फिरवायला लागलो.

आता प्रश्न. सकाळी चारही टायर ३२ होते. सेशननंतर पुढचा डावा ४१ आणि उजवा ३८ दाखवत होता, दोन्ही ३६ वर आणले. आज सकाळी गार असताना मोजले तर डावा २८ आणि उजवा ३०. डाव्याला पंक्चर आहे का?

टो_आउट

वा, मस्त! पंक्चर नाहीये. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने होता ना? मग उजवी वळणं जास्त, म्हणजे भार डाव्या टायरवर जास्त, तो जास्त तापला. तापलेला असताना तू दोन्ही एका आकड्यावर आणलेस म्हणजे डाव्यातून हवा जास्त काढलीस, गार झाल्यावर तो फरक दिसतोय. पुढच्या वेळी डाव्यात सकाळीच थोडी कमी ठेवून सुरुवात कर म्हणजे तापल्यावर दोन्ही बरोबरीला येतील. आता मात्र ऑफिसातून निघायच्या आधी दोन्ही परत ३२ कर, २८ वर घरी जाऊ नकोस.

ब्रेकपॉइंट

पॅड काढून जाडी मोजलीस का? फोटो टाक, आतला आणि बाहेरचा दोन्ही. आतला जास्त झिजला असेल तर कॅलिपरच्या स्लाइड पिन (ज्यांवर तो मागेपुढे सरकतो) अडकत असतील, त्या साफ करून ग्रीस लावायला अर्धा तास लागतो.