कवितेची सकाळ चुकवू नका

'लोकसंगीताच्या महोत्सवात कवितावाचन कशाला घुसडतात?' असं कुणीतरी विचारलंय. अहो, ऑस्ट्रेलियात तरी ते घुसडलेलं नसतं. व्हिक्टोरियात माल्डन नावाचं सोन्याच्या खाणींमुळे वसलेलं छोटं गाव आहे, तिथल्या फोक फेस्टिव्हलला आम्ही गेलो ते फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) ऐकायला. लक्षात राहिला तो 'पोएट्स ब्रेकफास्ट', म्हणजे सकाळचं कवितावाचन. उशिरा पोचलो, बसायला जागा नाही. मागे चहाचा कप धरून उभे. समोर रुंद टोपीतले एक आजोबा, हातात कागदाचा चिटोरा नाही, नि मेंढ्या कातरणाऱ्यांवरची लांबलचक कविता तोंडपाठ! यमक जवळ आलं की पुढचा शब्द लोकच म्हणायचे.

या 'बुश पोएट्री'ला, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या रानातल्या जगण्यावरच्या कवितांना, वृत्त नि यमक लागतंच, मुक्तछंदवाल्यांचं तिथे फारसं काम नाही. १८९२ मध्ये हेन्री लॉसन आणि बँजो पॅटरसन हे दोन ऑस्ट्रेलियन कवी 'बुलेटिन' साप्ताहिकातून चक्क कवितांमधून भांडले होते. रानातलं जगणं रम्य (पॅटरसन) की नुसती धूळ (लॉसन), हा वाद. (बँजो हे टोपणनाव, तेही वाद्यावरून नव्हे, घरच्या घोड्यावरून!) मला विचाराल तर लॉसनचं जास्त पटतं. तिथल्या माश्या एकदा अनुभवा.