तारा मुद्दाम तशा लावल्यात

एकाने विचारलंय, सतराव्या शतकातला संगीतकार बिबर याच्या रोझरी सोनाटांमध्ये (येशू आणि मेरीच्या आयुष्यातल्या प्रसंगांवरच्या व्हायोलिनच्या रचनांमध्ये) व्हायोलिन मधेच अनोळखी का वाटतं. रेकॉर्डिंगचा दोष नाही हो तो! साल्झबर्गच्या या पठ्ठ्याने 15 पैकी 14 सोनाटांसाठी तारा नेहमीपेक्षा वेगळ्या सुरांत लावायला सांगितल्यात. अकराव्यात, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सोनाटात, मधल्या दोन तारांची चक्क अदलाबदल होते. घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या लाकडी पट्टीच्या, मागे त्या एकमेकींना छेदतात आणि क्रूस दिसतो. ऐकणाऱ्याला तो कुठून दिसणार? पण जी सुराच्या दोन आणि डी सुराच्या दोन तारा सप्तकाच्या अंतराने जुळल्यामुळे वाद्य कसं घुमतं ते ऐका.

नवख्याने मात्र सोनाटांनंतर शेवटी येणाऱ्या पासाकालिया या रचनेपासून सुरुवात करावी. एकटं व्हायोलिन, तारा नेहमीच्याच, आणि खाली उतरणारे तेच चार सूर 65 वेळा. मी तरी अजून कंटाळलो नाही.