मदत हवी आहे: आईला मारबत दाखवायची आहे, नागपुरात बसायला जागा कुठं मिळेल?

नमस्कार मंडळी. आम्ही समुद्रपूर तालुक्यातले, जिल्हा वर्धा. २००३ ते २००८ मी नागपूरला कामाला होतो. जागनाथ बुधवारीत दहा बाय दहाची खोली होती आणि १८८५ पासूनची ती पिवळी मारबत त्याच वस्तीतली. मारबत म्हणजे मिरवत नेऊन शेवटी जाळतात तो बाईचा मोठा पुतळा. दरवर्षी आईला म्हणायचो, ये एकदा पाहायला. पण ती येणार कशी? मारबत निघते तान्ह्या पोळ्याला, म्हणजे आदल्याच दिवशी घरचा पोळा. त्याच्याही आदल्या रात्री बैलांचे खांदे शेकायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचं. मग पुरण, तोरण, झडत्या म्हणजे पोळ्यात म्हणायची गाणी. आणि तान्ह्या पोळ्याच्या पहाटे पळसाच्या फांद्या शिवेवर टाकताना "घेऊन जा गे मारबत" ओरडायला पोरांमागे घरचं कुणीतरी लागतंच.

या उन्हाळ्यात बैलजोडी विकली. आता सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरवर. परवा रिकाम्या गोठ्यापाशी उभी राहून आईच म्हणाली, "आता पोयाले घरी काय हाय? चाल तुह्या नागपूरले."

ती ७६ वर्षांची आहे. एसटीत ७५ वरच्यांना तिकीट नाही, तेव्हा जाम गावापासूनच्या भाड्याची चिंता नाही. चिंता गुडघ्यांची. दहा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. आणि तिला पाहायचं आहे ते नेमकं इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी, जिथं काळी आणि पिवळी समोरासमोर येतात. काळी म्हणजे इंग्रजांना सामील झालेल्या, भोसले घराण्यातल्या बाकाबाईची, हे तिनं कुठंतरी ऐकून ठेवलंय. "बाईले अजून जायतेत का रे?" म्हणजे अजून जाळतात का, असं तीनदा विचारून झालं. तिथली रेटारेटी मला माहीत आहे. चप्पल निघाली तर वाकायची सोय नसते.

त्या मार्गावर कुणाचा ओटा, दुकानाची पायरी, पहिल्या मजल्याची गॅलरी असेल तर सांगा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल. मोडायची खुर्ची सोबत आणू, पण पोलीस ती कुठवर नेऊ देतात? किती वाजता जागा धरावी? दोन वर्षांपूर्वी एकटाच दुचाकीनं निघालो, बुटीबोरीच्या अलीकडे पंक्चर झाली. पोचलो तेव्हा बडगे, म्हणजे मारबतीसोबतचे पुरुषी पुतळे, पुढं गेले होते, रस्त्यावर नुसत्या चपला.

दुसरा प्रश्न जेवणाचा, आणि तो जरा नाजूक आहे. श्रावण संपलेला असतो, त्या दिवशी अख्खं नागपूर मटणाच्या रांगेत. मीही सावजीसाठी, म्हणजे आमच्या नागपुरी झणझणीत मटणासाठी, महिनाभर जीव मारून असेन. तो काळा रस्सा, वर बोटभर तर्री, नाकातून पाणी... पण आईच्या गळ्यात माळ आहे. सावजीकडे पाटवडी मिळते म्हणून सांगून पाहिलं, तर म्हणे भांडं तेच ना? तेव्हा महाल-इतवारीकडे निव्वळ शाकाहारी खानावळ हवी, जिथं वडाभात किंवा गोळाभात हिंगाच्या कढत तेलासकट वाढतात. माझं मी नंतर बघीन. सकाळी तर्री पोहे दोघांनाही चालतात.

जाता जाता, जुलैअखेरीस गायक वसंतराव देशपांडे यांचा स्मृती समारोह नागपुरात असतो, त्याच्या तारखा कळल्या की कुणी इथं टाका. वसंतराव आमच्या विदर्भातले, मूर्तिजापूरचे. शेतातली डवरणी आटोपली तर एक रात्र एकटाच येऊन ऐकून जाईन.

त्या दिवशी आईला लगेच परत आणणं जमणार नाही. एका रात्रीसाठी इतवारीच्या आसपास लॉज सुचवा. तळमजला आणि कमोड एवढंच पाहिजे, बाकी कसंही असो.