मदत हवी आहे: निवासमंडपाच्या सामानाबद्दलचे हिब्रू शब्द

नमस्कार मंडळी. बायबल अभ्यासगटात निर्गम 25 वा अध्याय घ्यायचा आहे. त्यात निवासमंडपाच्या, म्हणजे इस्राएली लोकांच्या वाळवंटातल्या फिरत्या उपासना-तंबूच्या, सामानाचं वर्णन आहे. बाभळीचं लाकूड, घडीव सोन्याचा दीपवृक्ष इथपर्यंत ठीक. अडलंय ते दोन ठिकाणी.

पहिलं, 'तहश'. गणना 4 मध्ये प्रवासाला निघताना मेज, दीपवृक्ष, वेद्या सगळ्यांवर वरून तहशाची कातडी. फक्त कराराच्या कोशावर (दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी) ती आत आणि सगळ्यात वर निळं वस्त्र. हा प्राणी कोणता? सेप्टुआजिंट या ग्रीक भाषांतरात तर प्राणीच नाही, नुसता निळसर रंग आहे. यहेज्केल 16:10 मध्ये याच तहशाची पादत्राणं आहेत, म्हणजे चांगल्यापैकी महाग वस्तू असावी.

दुसरं, 'कप्पोरेत', म्हणजे त्या कोशावर ठेवायची सोन्याची वस्तू. आपण दयासन म्हणतो, पण मुळात 'आसन' कुठेच दिसत नाही. धातू 'क-प-र', योम किप्पूर (यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस) यातलाच. मग अर्थ 'झाकण' धरायचा की 'प्रायश्चित्ताची जागा'? लेवीय 16 (त्याच दिवसाचा विधी) वाचलं की मला दुसराच पटतो.

कोणी हिब्रू शिकलेलं आहे का? बेने इस्राएली (मराठी ज्यू) मंडळींपैकी कुणी असेल तर फारच उत्तम. रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) भाष्यांत यावर काय म्हटलंय तेही सांगा. मराठीतून समजावलंत तर बरं होईल, गटात बरीच ज्येष्ठ मंडळी आहेत.